गंगव्वाची नखं

गंगव्वाला बोटं होती, नखं नव्हती. असं म्हटलं की लोक हसतात, पण ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना ते पटेल. आमच्या घरात शिरली की ती आधी मागच्या अंगणात जायची, धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसायची आणि दहाही बोटांची टोकं त्या दगडावर घासायची. घासून झालं की एकेक बोट स्वतःच्या गालावरून फिरवून बघायची. गालाला काही लागलं तर पुन्हा दगड. हा कार्यक्रम आटोपल्याशिवाय ती बाळाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, किती घासशील? बोटं झिजतील." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "बोट झिजलं तर माजं जातंय बाई. नख ऱ्हायलं तर लेकराचं जातंय."

सोलापुरात आमच्या पेठेत तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची आणि बहुतेक गंगव्वाच्या हातून व्हायची. सन अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमाराची ही गोष्ट. ती मूळची मैंदर्गीची. लग्न होऊन सोलापुरात आली, नवराबायको दोघंही गिरणीत सूतखात्यात होती. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनं गिरणी सोडली आणि आईकडून शिकलेलं सुईणीचं काम सुरू केलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पन्नाशीची असेल. काळं इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. मोठ्या माणसांशी ती मराठी बोलायची आणि तान्ह्या मुलांशी कानडी. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "मोट्या मानसाला समजावं लागतंय. लेकराला नुसता आवाज लागतोय. मग आपल्या आईचा आवाज काडायचा की."

तिची आणखी एक रीत होती. दृष्ट लागू नये म्हणून जन्मलेल्या मुलाचं कौतुक ती मराठीत कधी करत नसे, उलट नावं ठेवी. शेजारच्या वकिलांकडे गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा मुलगा झाला, तर ही चारचौघींत म्हणाली, "काय बाई ह्ये माकड! कुटनं धरून आनलंय?" वकिलीणबाई दोन दिवस रुसून होत्या. आणि त्याच माकडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना कानाशी हळूच "बंगारा, नन्न बंगारा" चाललेलं असायचं. नन्न बंगारा म्हणजे माझं सोनं. आमचे हे शाळामास्तर, मुलांमुळे त्यांना थोडं कानडी येत असे, त्यांनी हे गुपित फोडलं.

तिचं न्हाऊ घालणं बघायला बायका मुद्दाम येत. पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि मुलाला पायांच्या खोबणीत उताणं टाकायची. मग डाळीचं पीठ, साय आणि हळद. मान, काख, गुडघ्याच्या वळ्या, काही सुटायचं नाही. मूल कितीही आकांत करो, तिच्या पायांवर पाच मिनिटांत सैल पडायचं आणि पाणी संपेपर्यंत झोपलेलं असायचं. हात हीच तिची सगळी कमाई होती, आणि त्याचा तिला गर्वही होता. तो तिला शोभायचा.

माझं माहेर मोहोळचं. आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई कडक होत्या, वाईट नव्हत्या. पण एकोणीस वर्षांच्या सुनेला तो फरक कळत नाही. आठवा महिना लागून चारच दिवस झाले होते. सकाळी ज्वारी निवडताना पोटात कळ आली ती पाठीत गेली, आणि दुपारी जेवणं व्हायच्या आत मूल झालंसुद्धा. सातव्यातलं मूल जगतं, नवव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं तेव्हा सगळेच मानायचे. का, ते कुणी विचारायचं नाही.

मूल रडलं, अगदी बारीक. मी वाट बघत होते की गंगव्वा आता माकड म्हणेल, घुबड म्हणेल. ती म्हणाली, "पोरगी हाय. लई देखनी हाय की." मराठीत म्हणाली, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. दृष्टीची भीतीच तिला उरली नव्हती, म्हणजे हे मूल राहायचं नाही असं ती धरून चालली होती.

मग मी मुलीला पाहिलं. डोक्यापासून तळपायापर्यंत पिवळसर, चकचकीत पापुद्रा अंगावर ताणून बसवलेला. तेल लावलेल्या कागदात कुणी गच्च गुंडाळावं तशी दिसत होती. पापण्या बाहेर उलटलेल्या, आतली लाली दिसणारी. ओठ ताणून उघडेच राहिलेले. बोटं आकसलेली. सासूबाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला, "कात!"

मला पाचवा महिना असताना आमच्या अंगणात सरपणाच्या ढिगात साप निघाला होता आणि ह्यांनी तो काठीनं मारला होता. धामण होती बिचारी, पण मारली ती मारलीच. ते आता सासूबाईंना आठवलं. संध्याकाळपर्यंत ते शेजारणींनाही आठवलं. दुसऱ्या दिवशी दोघीजणी बाळंतिणीला बघायला म्हणून आल्या आणि बाळाला बघून, पाणीसुद्धा न घेता, गेल्या. सापाचं पोर, हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. खोलीच्या दाराला नुसता पडदा होता, आणि त्या बायकांनी आवाज कमी करायचे कष्टही घेतले नव्हते.

जन्माच्या संध्याकाळीच हे डॉक्टरांना घेऊन आले होते. डॉक्टर तरुण होते, पण खरं बोलणारे होते. ते पडद्याबाहेर उभं राहून ह्यांना आणि सासूबाईंना म्हणाले, "असं मूल मी पुस्तकात पाहिलंय, प्रत्यक्षात आज पहिल्यांदा. वेळेआधी झालेल्या मुलांत क्वचित असतं. सापाचा काही संबंध नाही. हा पापुद्रा आपोआप गळतो, खाली कातडी असते. तोवर मूल टिकलं पाहिजे, एवढंच. उबेत ठेवा, तेल लावा, आणि कुणी ओढू नका, सोलू नका. ओढलंत तर जखम होईल, ती चिघळेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी आत पडल्यापडल्या शब्द न् शब्द ऐकला. हे मुद्दाम लिहिते आहे.

गंगव्वानं विचारलं, "आन् न्हानं?"

"न्हाणं नाही. चोळणं तर मुळीच नाही."

ती "बरं" म्हणाली. तिला काय वाटलं असेल ते मला त्या वेळी सुचलं नाही, मला माझंच पडलं होतं. पण त्या दिवसापासून पंधरा घरची न्हाणी उरकून ती आमच्याकडे येऊन बसू लागली. बाळंतिणीच्या खोलीत रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी ज्या कुशीला शेगडी होती त्या कुशीवर पापुद्र्याला बारीक चिरा पडल्या. गंगव्वानं ते पाहिलं आणि शेगडी उचलून थेट अंगणात नेऊन ठेवली. सासूबाई ओरडल्या, "अगं, पोर गारठेल की!"

"बाई, गिरनीत आमच्या सूतखात्यात वरनं पान्याचा फवारा सोडत्यात. कशापायी? हवा कोरडी झाली की धागा कडाकड तुटतोय म्हनून. ह्ये बी तसंच हाय. ऊब पायजे, पर वली ऊब पायजे."

मग खोलीत घंगाळभर कढत पाणी, ते निवलं की दुसरं. दोरीवर ओली धोतरं. कापड अंगाला चिकटतं म्हणून मुलगी केळीच्या पानावर, पानाला गोडं तेल, वर पिंजलेला कापूस. केळीची पानं ती तलावाकडच्या मळ्यातून रोज सकाळी घेऊन यायची. तेल बोटानं लावायचं नाही, कापसाच्या वातीनं थेंब सोडायचा आणि त्याला आपणहून पसरू द्यायचं. दूधही तसंच, बोंडल्यातून थेंब थेंब, कारण त्या ओठांना ओढता येत नव्हतं. हे दारातून डोकावून म्हणाले, "गिरणी तर सुरू झाली, आता भोंगा तेवढा बसवायचा राहिला." त्या तीन दिवसांत त्या घरात मी एवढंच हसले.

चौथ्या दिवसाचं सांगायचं म्हणजे हात जड होतो.

सकाळचा भोंगा होऊन गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरात, चुलीपाशी. गंगव्वा यायला अजून अवकाश होता. मी मुलीच्या हातावरचा कापूस बाजूला केला, तर उजव्या मनगटापाशी पापुद्र्याची कड सुटून वर आली होती. नखात धरता येईल एवढी. मी तिच्याकडे बघत बसले. आदल्या संध्याकाळीच कुणीतरी सासूबाईंना म्हणालं होतं की नदीला सोडून या, पुढचं तरी सुखरूप होईल. मला वाटलं, ही कात निघाली तर खाली माझी मुलगी आहे, चारचौघींच्या मुलींसारखी. थोडीशी निघू दे, म्हणजे मी सगळ्यांना दाखवीन. बघा, साप नाही, माणूस आहे. मी कड नखात धरली आणि ओढली.

ती पटकन आली, बोटभर. आणि मग मनगटापासून कोपराच्या दिशेनं रक्त आलं. मुलीनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी तिच्या हातावर कापूस दाबला, वरून फडकं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं. आई होती मी तिची!

गंगव्वा आली. दगडावर बोटं घासल्याचा आवाज मी ऐकला. ती आत आली, फडकं उचललं, कापूस उचलला. मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या अंगठ्याच्या नखात पापुद्र्याचा तुकडा अडकलेला होता. तिनं वाकून माझा अंगठा आपल्या पदरानं पुसला. तेवढ्यात दारात सासूबाई आल्या.

"रक्त कसलं ते? गंगव्वा, काय झालं?"

"माजं नख लागलं, बाई," गंगव्वा म्हणाली.

जिला नखं नव्हती ती बाई असं म्हणाली, आणि जिनं तिला वर्षानुवर्षं बोटं घासताना पाहिलं होतं त्या सासूबाईंनी ते खरं मानलं. रक्त दिसलं की माणसाचा विचार थांबतो. सासूबाई नको नको ते बोलल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी हात आवरला नाहीस, चोळायची खाज, गर्व नडला, चालती हो. गंगव्वा मान खाली घालून ऐकत होती. मी उठून एक वाक्य बोलायला हवं होतं. माझ्या घशापर्यंत ते आलं. मग सासूबाईंचा चेहरा पाहिला, ह्यांचा आवाज बाहेर ऐकला, आणि मी ते वाक्य गिळलं. गंगव्वा गेली.

डॉक्टरांनी जखमेवर औषध लावलं आणि चिघळली नाही तर बघू, म्हणाले. त्या संध्याकाळपासून मुलगी थंड पडू लागली. दूध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. वात कशी धरायची, पाणी केव्हा बदलायचं, कशाचाच मला अंदाज येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, मी सासूबाईंच्या देखत ह्यांच्याशी मोठ्यानं बोलले. "गंगव्वाला बोलवा. नाही बोलावलंत तर पोर हातची जाते." खरं काय ते तेव्हाही बोलले नाही. मागणी करायला धीर झाला, कबुली द्यायला झाला नाही.

सासूबाईंनी अट घातली की गंगव्वानं मुलीला हात लावायचा नाही. ती आली आणि खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसली. "मी बोट लावत न्हाय. तोंडानं सांगते, ते तर चालंल न्हवं?" मग आतल्या बाजूला माझी शाळा सुरू झाली.

"चोळी काड. पोरीला उरावर घे, उगडी. तेल लावलंस का अंगाला? आता वरनं धोतर. शेगडीची ऊब येका अंगाला लागतीया, आईची चारी अंगांनी."

"हलत नाही गं ती, गंगव्वा."

"तू हलू नको. तुजा श्वास चालतोय तसा तिला चालू दे. घाई कुनाला हाय?"

दोन दिवस ती माझ्या उरावर तशीच होती. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या कातडीवर ओठ हलवले. गंगव्वाला ते न बघता कळलं, कारण मी श्वास रोखला होता. "दूद दे," ती बाहेरून म्हणाली.

पुढे पापुद्रा सुटू लागला. आधी छातीवरून, मग पोटावरून. कांद्याच्या सालीसारखे पातळ तुकडे केळीच्या पानावर पडलेले असायचे. एकेक तुकडा अर्धा सुटून लोंबायचा आणि माझी बोटं शिवशिवायची. बाहेरून आवाज यायचा, "सोडवू नको. सुटू दे. त्येला ठाव हाय कवा सुटायचं ते." तिला दिसत नसताना कसं कळायचं देव जाणे. बारावा दिवस बारशाविना गेला. पाचवा आठवडा लागला तेव्हा पापण्या मिटू लागल्या होत्या, ओठ जुळले होते, आणि मनगटावरच्या खुणेशिवाय सगळीकडे लालसर, मऊ कातडी आली होती. मी मुलीला घेऊन दारापाशी गेले आणि गंगव्वासमोर धरली. तिनं हात पाठीमागे नेले, डोळे बारीक करून खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय बाई ह्ये माकड!"

मी तिथंच बसून रडले.

बारशाला सासूबाईंनीच नाव ठेवलं, इंदू. पहिली आंघोळ मी घातली. गंगव्वाला मी किती विनवलं, पण अट ती अट. बाहेर बसून तिनं सांगितलं आणि मी केलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. सासूबाईंनी त्या चौथ्या दिवसापासूनच विहिरीवर, बाजारात, सोयर फिटल्यावर देवळात, जिथं जिथं बाई भेटली तिथं सांगितलं होतं की गंगव्वाच्या नखानं पोरीची कातडी सोलली. मुलगी जगली तरी ते बोलणं मागे आलं नाही. एकेक घर तुटलं. वर्षभरात ज्या बाईला उसंत नव्हती ती विणकरांच्या घरी कांड्या भरायला जाऊ लागली. माग चालवणाऱ्या तेलुगू बायकांत बसून सूत गुंडाळायची. तेच हात. मी तिला एकदा आमच्या मागच्या दारी गाठलं. म्हटलं, "मी आज सांगते सासूबाईंना. काय व्हायचं ते होऊ दे."

"सांगून काय करतीस? तुला ह्या घरात जलमभर ऱ्हायाचं हाय. मला काय, बिऱ्हाड पाटीवर."

"पण तुझी घरं गेली गं माझ्यापायी."

"पोर जगली न्हवं? मग नख कुनाचं का असंना." आणि मग म्हणाली, "तू सोललंस ते बी मायेनंच की. मला बी सोलावं वाटत व्हतं, पयल्या दिवसापास्नं. मी आपली बोटं दगडावर घासून आले."

मी गप्प बसले. तिनं सांगितलं म्हणून गप्प बसले, असं मी मनाशी म्हणत आले. खरं म्हणजे मला सोयीचं होतं म्हणून बसले. चार वर्षांनी ती मैंदर्गीला भावाकडे कायमची गेली. जाताना इंदूला लांबूनच "माकडा" म्हणून हाक मारली. इंदू चिडली आणि तिला जीभ दाखवली. गंगव्वा खूश होऊन गेली.

इंदूला नववं लागलं त्या वर्षी मैंदर्गीहून गंगव्वाचा भाचा बाजाराला आला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडे आला. गंगव्वा पंधरा दिवसांपूर्वी गेली, म्हणाला. सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "हात मोठा गुणाचा होता हो बाईचा. तेवढं एक नख लागलं, नाहीतर नाव ठेवायला जागा नव्हती."

तेव्हा ते वाक्य माझ्या घशातून बाहेर पडलं, आठ वर्षांनी. "आई, नख माझं होतं." आणि मग सगळं सांगितलं. नखात अडकलेला तुकडा, तिचा पदर, सगळं.

सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि मी गावभर..." मग उठल्या, दुसरं लुगडं नेसल्या, काठी घेतली. "चल."

"कुठं?"

"ज्या ज्या घरी मी सांगितलं तिथं. तुझं तू सांगायचं. मी बरोबर आहे."

टळटळीत दुपारी आम्ही सासूसुना पेठेतून निघालो. प्रत्येक दारात सासूबाई उभ्या राहायच्या आणि मला एवढंच म्हणायच्या, "सांग." मी सांगायची. वकिलीणबाईंनी ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. एकीनं "जाऊ दे, जुनं झालं," म्हणून चहा पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही. एका घरी म्हातारी ऐकू येण्यापलीकडे गेली होती, तिला मी तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा सगळी गल्ली जमली. ते बरंच झालं.

शेवटच्या घरी ज्यांना सांगायचं त्या बाई वारल्या होत्या. दारात त्यांची नवी सून आली, कडेवर मूल घेऊन. कुर्डुवाडीकडची होती, दोन वर्षं झाली होती लग्नाला. मी सुरुवात केली, "गंगव्वाबद्दल सांगायचं होतं." तिनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "गंगव्वा कोण?"

तोवर दिवसभरात "सांग" यापलीकडे अवाक्षर न काढलेल्या सासूबाई काठी टेकवत एक पायरी वर चढल्या.

"आमच्या इंदूला जिनं जगवलं, ती," त्या म्हणाल्या.